खुर्ची एक, दावेदार दोन

गेल्या पावसाळ्यात एका शाखेच्या वार्षिक सभेला आम्ही गेलो होतो. अहवाल झाला, हिशेब मंजूर झाला, चहा आला. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक ट्रॅकमन बंधू उठून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, एक विचारू का? अफगाणिस्तानात राज्य तालिबानचं आणि युनोत खुर्ची मात्र पळून गेलेल्या सरकारच्या माणसाची, असं पेपरात वाचलं. हे कसं काय चालतं?" आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच शेजारी बसलेले आर.एम.एस.चे एक सॉर्टर मित्र हसून म्हणाले, "अहो, त्यात नवल काय? आपल्याकडे दोन बोर्डं लागली होती, तेव्हा मीटिंगला कुणाला बोलावणं यायचं ते विसरलात का?"

सभेत हशा पिकला, पण आम्हाला मात्र ते बोलणे लागले. जुन्या सभासदांना आठवत असेल. एका युनियनमध्ये फूट पडली. नाव एक, नोंदणी क्रमांक एक, बँकेतले खाते एक आणि सरचिटणीस दोन! दोघांनी अधिवेशने भरविली, दोघांनी ठराव केले, दोघांनी लेटरहेड छापले. कामगार कोणाच्या मागे आहेत हे कोणीच मोजले नाही. प्रशासनाला जो सोयीचा होता त्याला पी.एन.एम.च्या बैठकीचे पत्र जाई, आणि दुसऱ्याला "प्रकरण विचाराधीन आहे" असे उत्तर मिळे. त्या काळात गँगच्या क्वार्टर्सचा, बदल्यांचा, थकलेल्या ओव्हरटाइमचा एकही प्रश्न सुटला नाही. खुर्चीचा वाद चालू असताना खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, ते आम्ही तेव्हा पाहिले.

म्हणूनच त्या ट्रॅकमन बंधूंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देण्याचे आम्ही ठरविले आहे. या जातीच्या वादातला सर्वांत मोठा वाद चीनच्या खुर्चीचा. तो बावीस वर्षे चालला आणि त्यात आपल्या देशाचाही मोठा भाग होता.

बावीस वर्षांचा खोळंबा

१९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हा सुरक्षा परिषदेत पाच कायम सभासद ठरले. त्यांत चीन होता. त्या वेळी चीनमध्ये चँग कै-शेक यांचे सरकार होते. पुढे यादवी युद्धात त्यांचा पराभव झाला. १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओ यांनी बीजिंगमध्ये चीनच्या लोकप्रजासत्ताकाची घोषणा केली, आणि चँग यांचे सरकार तैवान बेटावर गेले. एवढ्या अवाढव्य देशाचा कारभार एका सरकारच्या हाती आणि युनोतली पाटी दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती झाली. पन्नास कोटींहून अधिक लोकांच्या नावाने बेटावरचे सरकार नकाराधिकार बाळगून बसले. तो त्यांनी एकदा वापरलाही. १९५५ साली मंगोलियाचा प्रवेश त्यांनी रोखून धरला. मंगोलियाला आत यायला १९६१ साल उजाडले.

भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजीच बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली होती. १९५० च्या जानेवारीत रशियाने सुरक्षा परिषदेत हा प्रश्न काढला आणि तो फेटाळला जाताच रशियाचे प्रतिनिधी सभात्याग करून निघून गेले. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले, तेव्हा रशियाची खुर्ची रिकामी होती. त्यामुळे तेथे जो ठराव झाला त्याला नकाराधिकाराने अडवणारे कोणीच नव्हते. सभात्याग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाहेर घोषणा देताना आत ठराव होऊन जातो.

त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने स्वतः आमसभेत ठराव मांडला की चीनच्या खुर्चीवर बीजिंगचा प्रतिनिधी बसावा. बाजूने १६, विरोधात ३३ आणि तटस्थ १०. ठराव पडला. डिसेंबरात आमसभेने एक सर्वसाधारण नियम केला. एकाच देशाच्या खुर्चीवर एकाहून अधिक सत्तांनी दावा सांगितला, तर सनदेतील उद्देश व तत्त्वे आणि त्या त्या वेळची परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा, असा तो नियम. वाचायला छान, पण मोजमाप कशाने करायचे ते त्यात नाही. परिस्थिती पाहणारे डोळे शेवटी मत देणाऱ्यांचेच.

मत पाडण्याच्या तीन युक्त्या

साथींनो, यापुढचा भाग नीट वाचा. वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला तो ओळखीचा वाटेल.

पहिली युक्ती : विषयच घ्यायचा नाही. १९५१ पासून १९६० पर्यंत दर वर्षी आमसभेत अमेरिकेच्या पुढाकाराने असा ठराव होई की यंदाच्या बैठकीत चीनच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न विचारात घेऊ नये. बीजिंग खरे की तैपेई खरे यावर मतदानच नाही. विषयपत्रिकेवर येऊ द्यायचे की नाही, एवढ्यावरच मतदान. आपल्या मागणीपत्रातला मुद्दा "पुढील बैठकीत" जातो आणि पुढील बैठक येतच नाही, त्यातलाच हा प्रकार.

पण सभासदांची यादी बदलत होती. १९४५ साली ५१ देश होते, १९६० अखेर ते ९९ झाले. आशिया-आफ्रिकेतले देश गुलामीतून सुटून आत येत होते. १९६० च्या मतदानात विषय टाळण्याच्या बाजूने ४२, विरोधात ३४ आणि तटस्थ २२ मते पडली. पुढच्या खेपेला हे टिकणार नाही हे उघड दिसत होते.

मग दुसरी युक्ती आली : पट्टी वर करायची. १९६१ साली ६१ विरुद्ध ३४ मतांनी ठरले की हा "महत्त्वाचा प्रश्न" आहे, म्हणून त्याला दोनतृतीयांश मते लागतील. गंमत पाहा. पट्टी वर करण्याचा ठराव साध्या बहुमताने करता येतो, पण ती पार करायला मात्र दोनतृतीयांश हवेत! १९६५ साली बीजिंगच्या बाजूने ४७ आणि विरोधात ४७ अशी बरोबरी झाली. १९७० साली तर बाजूने ५१ आणि विरोधात ४९ अशी मते पडली, म्हणजे बहुमत मिळाले, आणि तरीही बीजिंग हरले. शंभरांपैकी सदुसष्ट हवी होती. बहुमत असलेला बाहेर आणि अल्पमतातला आत!

तिसरी युक्ती शेवटच्या वर्षी आली : खुर्ची दोघांत वाटायची. बीजिंगला सुरक्षा परिषद द्या आणि तैपेईला आमसभेत ठेवा, अशी योजना अमेरिकेने १९७१ साली पुढे केली. पण दोन्ही बाजू आपणच संपूर्ण चीन म्हणवीत होत्या. अर्धी खुर्ची त्यांच्यापैकी कोणालाच नको होती.

तोवर वारे फिरले होते. जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले आणि अध्यक्ष निक्सन यांनी आपली चीनभेट जाहीर केली. इकडे युनोत अमेरिकेचे प्रतिनिधी जॉर्ज बुश (पुढे हेच अध्यक्ष झाले) तैपेईसाठी मते गोळा करीत होते, आणि नेमक्या त्याच ऑक्टोबरात किसिंजर पुन्हा बीजिंगमध्ये होते. मालक एका हाताने तुमच्या नेत्याची पाठ थोपटतो आणि दुसऱ्या हाताने विरोधकाला चहा पाजतो, तेव्हा वॉर्डातल्या माणसाला काय समजायचे ते समजते. छोट्या देशांनाही ते समजले.

२५ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री आधी दोनतृतीयांशाचा प्रश्न मतास आला. बाजूने ५५, विरोधात ५९ आणि तटस्थ १५. युक्ती फसली. खरा निकाल येथेच लागला. तैपेईचे प्रतिनिधी पुढच्या मतदानाची वाट न पाहता सभागृह सोडून गेले. मग अल्बानिया आदी देशांचा मूळ ठराव ७६ विरुद्ध ३५ मतांनी, १७ तटस्थ, संमत झाला. हाच तो २७५८ क्रमांकाचा ठराव. भारताने बाजूने मत दिले. आकडे मांडून पाहा. ७६ आणि ३५ मिळून १११, त्यांचे दोनतृतीयांश ७४. म्हणजे एकदा कल दिसल्यावर वर केलेली पट्टीही पार झाली असती. कुंपणावरचे कोणत्या बाजूला उडी मारतात ते पहिल्या मतदानानंतरच कळते.

युनोत पाटी बदलली आणि इतर संस्थांतही ती बदलत गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आय.एल.ओ.ने, नोव्हेंबर १९७१ मध्येच बीजिंगला मान्यता दिली. आपल्या टपालखात्याचा जिच्याशी रोजचा संबंध, ती जागतिक टपाल संघटना एप्रिल १९७२ मध्ये त्याच वाटेने गेली.

शत्रूला मत का दिले?

येथे आपल्या अनेक सभासदांच्या मनात एक शूळ आहे आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आपल्यावर आक्रमण केले. आपले जवान बर्फात मरत होते. रेल्वे कामगार लष्करी गाड्या हाकीत होते आणि टपाल कामगार आघाडीवरची पत्रे पोचवीत होते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला युनोत चीनच्या खुर्चीवर मतदान झाले. ठराव ४२ विरुद्ध ५६ मतांनी पडला. आणि त्या ४२ मतांत एक मत भारताचे होते!

अनेकांना हा भोळेपणा वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. खुर्ची म्हणजे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे. ज्या सरकारच्या सैन्याने सीमा ओलांडली त्याच सरकारला जाब विचारायचा, तर ते समोर बसलेले हवे. तैपेईच्या प्रतिनिधीला जाब विचारून काय उपयोग होता? त्याच्या हुकमाने हिमालयातला एक शिपाईही मागे हटला नसता. आपल्या कामातही हेच आहे. जो साहेब आपल्यावर अन्याय करतो त्याच्याशीच वाटाघाट करावी लागते. आपल्याशी गोड बोलणाऱ्या, पण सहीचा अधिकार नसलेल्या साहेबाशी कितीही बोललो तरी पगारपत्रकात फरक पडत नाही.

पुढे चीनने उपकाराची फेड केली काय? मुळीच नाही. खुर्चीवर बसल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९७१ च्या युद्धात, तो पाकिस्तानच्या बाजूने आणि आपल्याविरुद्ध बोलला. २५ ऑगस्ट १९७२ रोजी त्याने सुरक्षा परिषदेत आपला पहिला नकाराधिकार वापरला, आणि तो बांगला देशाचा प्रवेश अडविण्यासाठी! बांगला देश आत आला तो सप्टेंबर १९७४ मध्ये.

आपण रेल्वेची माणसे हा प्रकार रोज पाहतो. जनरल डब्याच्या दारात लोंबकळणारा प्रवासी विनवणी करतो, "जरा सरका, भाऊ, मलाही घ्या." पुढचे स्टेशन येईपर्यंत तोच आतून दार लावून धरतो आणि बाहेरच्यांना ओरडून सांगतो, "जागा नाही, पुढे जा!" बावीस वर्षे दाराबाहेर राहिलेल्या देशाने दहा महिन्यांत दार लावून धरले. पण म्हणून त्याला आत घेणे चूक होती काय? नाही. तिकीट असलेल्या माणसाला आत घेतलेच पाहिजे. आत आल्यावर तो कसा वागतो ही त्याची लाज आहे, आपली नव्हे.

मात्र या निकालात कोणाचा तोटा झाला तेही सांगितले पाहिजे. २७५८ व्या ठरावाने चँग यांच्या प्रतिनिधींना बाहेर काढले. तैवान हा शब्द त्या ठरावात कोठेही नाही, आणि त्याचा अर्थ काय यावर आजही भांडण आहे. त्या बेटावरच्या लोकांनी पुढे लष्करी कायदा झुगारला आणि आपले राज्यकर्ते मतपेटीतून निवडू लागले. आज तेथे सव्वादोन कोटींहून अधिक माणसे राहतात आणि युनोत त्यांचे स्वतःचे म्हणून कोणी बोलत नाही. १९७१ साली चँग यांनी अर्ध्या खुर्चीवर समाधान मानले असते तर काय झाले असते हे सांगता येणार नाही. पण "सगळे नाही तर काहीच नाही" म्हणणाऱ्या नेत्याची किंमत त्याच्या मागची माणसे चुकवितात, एवढे मात्र खरे.

ताबा आहे म्हणून हक्क आहे काय?

कोणी म्हणेल, मग सोपे आहे. ज्याचा ताबा त्याची खुर्ची. कंबोडियाचे उदाहरण पाहिले म्हणजे हेही तितके सोपे नाही हे कळते.

१९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीत तेथे पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, वेठबिगारीने आणि कत्तलीत मेली असे मानले जाते. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने ती राजवट उलथून नॉम पेन्हमध्ये नवे सरकार बसविले. सप्टेंबरात युनोत प्रश्न आला : खुर्ची कोणाची? ७१ विरुद्ध ३५ मतांनी, ३४ तटस्थ, ती पोल पॉटच्या राजवटीकडेच राहिली! अमेरिका आणि चीन, दोघेही त्या ७१ मध्ये होते. परक्या फौजेने बसविलेल्या सरकारला मान्यता देता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा फुकट नाही, उद्या कोणीही फौज घेऊन शेजाऱ्याच्या घरी आपला माणूस बसवील. पण म्हणून मारेकऱ्याने मेलेल्यांच्या वतीने बोलावे काय? भारताने जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या सरकारला मान्यता दिली आणि त्याबद्दल टीकाही सोसली. शेवटी १९९१ चा पॅरिस करार आणि १९९३ ची निवडणूक झाली, तेव्हाच प्रश्न सुटला. लोकांना विचारले, तेव्हा सुटला.

अशा वेळी खुर्ची काही काळ रिकामी ठेवणे किंवा निर्णय लांबविणे ही पळवाट वापरली जाते. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा त्या देशाच्या युनोतील राजदूतानेच भर सभेत लष्कराविरुद्ध तीन बोटे वर केली. त्याच वर्षी तालिबानने काबूल घेतले. दोन्ही देशांची अधिकारपत्रे तपासणाऱ्या नऊ सभासदांच्या समितीने निर्णय लांबणीवर टाकला आणि पुढेही वारंवार टाकला. म्हणून जुने प्रतिनिधी बसून राहिले. आमच्या ट्रॅकमन बंधूंच्या प्रश्नाचे थेट उत्तर हे आहे. कोणी ठरवून त्यांना बसविले असे नाही, उठविण्याचा निर्णय झाला नाही म्हणून ते बसले. २०२१ च्या जूनमध्ये आय.एल.ओ.च्या परिषदेत मात्र म्यानमारचे कोणीच प्रतिनिधी बसू शकले नाहीत, आणि त्यामुळे तेथील कामगारांची जागाही रिकामी राहिली.

आपल्या घरचा धडा

आय.एल.ओ.चा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. त्या परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. कामगारांचा प्रतिनिधी सरकारने मनाला येईल तसा नेमायचा नसतो. सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनांशी सहमती करून तो नेमायचा असतो. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला आपल्याकडून ना. म. जोशी गेले. ते थोर होते, पण त्यांची नेमणूक सरकारने केली होती, कारण देशभरची एक संघटनाच नव्हती. आपला माणूस आपणच पाठवावा ही निकड, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन होण्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणजे देशातल्या मध्यवर्ती कामगार संघटनेचा जन्मच "आमच्या वतीने बोलणार कोण?" या प्रश्नातून झाला.

आणि या बाबतीत आपण राष्ट्रांपेक्षा भाग्यवान आहोत. युनोत खुर्ची कोणाची हे बाकीची राष्ट्रे ठरवितात. त्या देशाच्या जनतेला कोणी विचारत नाही. आपल्याकडे विचारण्याची सोय आहे. रेल्वेत २००७, २०१३ आणि २०२४ साली गुप्त मतदानाने मान्यता ठरली. टपालात १९९३ च्या नियमांप्रमाणे पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवरून सभासदसंख्या पडताळली जाते. यांत त्रुटी आहेत, आम्ही त्यांवर भांडतो आणि भांडत राहू. पण ट्रॅकवरच्या माणसाला आणि बीटवरच्या पोस्टमनला विचारल्याशिवाय खुर्ची ठरू नये, हे तत्त्व मोलाचे आहे. ते प्रशासनाच्या मेहेरबानीने टिकत नाही. आपण मत टाकले, वर्गणीचा फॉर्म भरला, तरच टिकते.

तेव्हा साथींनो, चीनच्या बावीस वर्षांतून आम्ही तीन गोष्टी घेतो. प्रश्न टाळला जात असेल तर तो कोण टाळतो ते पाहा. नियम मध्येच बदलला तर तो कोणासाठी बदलला ते विचारा. आणि खुर्ची वाटून देण्याची भाषा आली, तर आपल्याला विचारले की नाही ते आधी तपासा. आपले मत आपल्याला आवडणाऱ्या माणसाला बक्षीस म्हणून देऊ नका. कामगार ज्याच्या मागे आहेत त्याला बोलू द्या, मग तो आपल्या गटाचा नसला तरी चालेल. १९६२ च्या ऑक्टोबरात, घाव ताजा असताना, या देशाने एवढा धीर दाखविला होता. शाखेच्या निवडणुकीत आपल्याला तेवढा दाखविता येऊ नये काय?

कामगार एकजूट जिंदाबाद!